जिमखान्याचे सर रिटायर होतायत, त्यांचं काम मोजायचं कसं

कॉलेजच्या जिमखान्याचे सर बहुतेक ३१ मेलाच रिटायर होतात, कारण त्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तरांनी जन्मतारीख १ जून टाकून दिलेली असते, आणि मग एप्रिलपासूनच माजी खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालू होतं, गौरव अंक काढू, सत्कार करू, नव्या जिमला सरांचंच नाव द्या म्हणून संस्थेला पत्र देऊ. करा की, सत्कार जोरात करा. पण सरांनी मागे नक्की काय ठेवलं हे खरंच ठरवायचं असेल तर ते स्टेजवरच्या भाषणांतून कळत नाही, भाषणात सगळेच सर शिस्तप्रिय असतात आणि सगळ्यांचाच काळ सुवर्णकाळ असतो. खाली लिहितोय ते नाशिकचं नेहमीचं अनुदानित कॉलेज डोळ्यासमोर ठेवून, पुणे विद्यापीठाला जोडलेलं, अकरावीपासून एमएपर्यंत सगळं एकाच कॅम्पसमध्ये. सरांच्या जागी मॅडम असतील तरी पद्धत हीच.

आधी हे बघा की या माणसाच्या हातात होतं काय. कागदावर पद आहे शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक, आपण म्हणतो पीडी सर. काही हजार पोरांच्या कॉलेजला असा माणूस एकच. अमेरिकेतल्या कॉलेजात याला ॲथलेटिक डायरेक्टर (एडी) म्हणतात पण ते प्रकरणच वेगळं, तिथे तो माणूस कोच नेमतो आणि काढतो, फुटबॉलचा पैसा सांभाळतो, देणगीदारांना जेवायला नेतो, आणि २०२५च्या जुलैपासून तर तिथली मोठी कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे द्यायला लागलीत, पहिल्याच वर्षाची मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर एका कॉलेजला. त्यामुळे तिकडे एडी गेला की पहिला प्रश्न, याने नेमलेले कोच कसे निघाले. आपल्याकडे सर स्वतःच कोच, स्वतःच क्लार्क, पाऊस थांबला की चुन्याची लाईन मारणाराही तेच. म्हणून तिकडचं माप इकडे लावू नका. दोन गोष्टी मात्र तिथून उचलण्यासारख्या आहेत. एक, त्यांच्याकडे १९९३-९४पासून एक डायरेक्टर्स कप आहे ज्यात सगळ्या खेळांचे मिळून गुण धरतात, एकाच खेळावर उड्या मारून तो मिळत नाही. दुसरी, खेळाडूंपैकी डिग्री किती जणांनी पूर्ण केली हे तिथे वेगळं मोजून जाहीर करतात. आपल्या कॉलेजात हा दुसरा प्रश्न विचारून बघा, जिमखान्यातल्या मेडलवाल्यांच्या फळ्यावर नाव असलेला पोरगा टीवायला, म्हणजे डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला, नापास झाला का पास, हे जिमखान्यात बहुतेक कुणालाच माहीत नसतं.

आता कामाला लागायचं ते डेडस्टॉक रजिस्टरपासून, म्हणजे जिमखान्याच्या सामानाच्या नोंदवहीपासून. सर जायच्या आधी चार्ज देतात, त्या वेळी सामानाची मोजणी होते, तेव्हा कुणीतरी माजी विद्यार्थी म्हणून शेजारी उभं राहा, कोणी नाही म्हणत नाही, उलट सामान उचलायला माणूस मिळाला म्हणून खूशच होतात. रजिस्टरमध्ये बघायचं काय, तर मी सांगतो ते आधी बघा, गोळे. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, बायकांचा ४ किलोचा. थाळी २ किलो आणि १ किलो, भाला ८०० ग्रॅम आणि ६०० ग्रॅम. स्टोअररूमच्या कोपऱ्यात ७.२६चे तीन-चार गोळे पडलेत आणि ४ किलोचा एकच, तोही रंग न उडालेला, कंपनीचा स्टिकर अजून शाबूत, तर त्या मैदानावर मुलींनी किती गोळा टाकला हे वेगळं विचारायची गरज नाही, मग वार्षिक अंकात महिला सबलीकरणावर कितीही छापलेलं असो. याच्या उलट, छोट्या गोळ्याला चरे पडलेत, ६०० ग्रॅमच्या भाल्याची दोरी दोनदा बदललीय, हे दिसलं की सरांच्या बाजूने पहिली नोंद करा. कबड्डीच्या मॅट गुंडाळून प्लास्टिकसकट उभ्या असतील तर त्या कधी आल्या आणि कधी अंथरल्या हे विचारा. भारी सामान कुलपात आणि पोरं फाटक्या बुटात, हा प्रकार सरांच्या कंजूषीमुळे असेलच असं नाही, बऱ्याचदा हरवलं तर पगारातून भरावं लागेल ही भीती असते. ती भीती त्यांनी कशी हाताळली, चावी मैदानावरच्या शिपाई मामांकडे ठेवली का स्वतःच्या ड्रॉवरमध्ये, एवढ्यावरनं माणूस बराच कळतो.

मग मेडल्स. इथे सगळे फसतात, कारण नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या, पाचव्या निकषासाठी केलेली फाईल आयती मिळते, तिच्यात सर्टिफिकेटच्या झेरॉक्स असतात आणि आकडा मोठा दिसतो. तो आकडा तसाच घ्यायचा नाही, पायऱ्या वेगळ्या करायच्या. कॉलेज-कॉलेजमधली झोनची स्पर्धा, म्हणजे आपल्या नाशिक झोनची, ही पहिली. मग इंटरझोनल, तिथे पुणे आणि नगरवाले येतात. त्यातनं विद्यापीठाची टीम. ती टीम कबड्डी, खोखो, व्हॉलीबॉलसारख्या खेळात वेस्ट झोन खेळते आणि तिथे पहिल्या चारात आली तरच ऑल इंडियाला जाते. ॲथलेटिक्सला मात्र थेट ऑल इंडिया असते, मधली वेस्ट झोनची पायरीच नाही, म्हणून फळ्यावर 'अखिल भारतीय सहभाग' असं लिहिलेल्या दोन नावांची किंमत एकसारखी नसते. राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध हा क्रीडा महोत्सव असतो, आणि २०२०पासून खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स आलेत. या सगळ्याच्या बाहेर एक गठ्ठा निघेल, कुठल्या तरी फेडरेशनची ओपन नॅशनल, फी भरा आणि खेळा, टीमा मोजून चार, सगळ्यांना मेडल. तो गठ्ठा बाजूला ठेवा. निर्दयपणे ठेवा. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी सर्टिफिकेटची पडताळणी होते तेव्हा असले कागद टिकत नाहीत, आणि सरांनी पोरांना हे वेळेवर सांगितलं होतं का त्यांनाही तिकडे गाड्या भरून पाठवलं होतं, ही सरांच्या हिशोबातली मोठी गोष्ट आहे.

पायऱ्या लावल्या की श्रेयाचा प्रश्न येतो आणि तिथे नाशिककरांना जरा भान ठेवावं लागतं, कारण आपल्याकडे मोठी नावं आहेत आणि प्रत्येक जण त्यांच्या शेजारी उभा राहून फोटो काढून बसलाय. कविता राऊत सावरपाड्याची, २०१० साली दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये सिल्व्हर, तिच्यामागे विजेंद्र सिंग या कोचची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. संजीवनी जाधवने २०१७ला तैपेईच्या वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्समध्ये १०,००० मीटरला सिल्व्हर घेतलं, तीही त्याच कोचच्या ग्रुपमधली. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रोइंग शिकला तो सैन्यात गेल्यावर, आणि २०१६ला थेट रिओ ऑलिम्पिक. म्हणजे मोठा खेळाडू घडतो तेव्हा त्याच्यामागे कोच असतो, ॲकॅडमी असते, लष्कर असतं, घर असतं, आणि कॉलेजचा वाटा कधी मोठा असतो कधी फक्त ॲडमिशनचा. सरांनी अशा खेळाडूला ट्रेन केलं नसेल तरी चालतं हो. पण त्याची हजेरी भरून निघाली का, इंटर्नलचे मार्क कोणी मागे लागून मिळवून दिले, हॉस्टेलला रात्री जेवण ठेवायला कोणी सांगितलं, हे विचारा. हाच खरा त्यांचा वाटा आणि तो फळ्यावर कधीच येत नाही.

आयात खेळाडू हा पण विषय आहे आणि तो टाळून गौरव अंक लिहिता येतो, मूल्यमापन करता येत नाही. बारावीलाच राज्य गाजवलेला पोरगा, त्याला एफवायला, म्हणजे डिग्रीच्या पहिल्या वर्षाला, ओढून आणायचा, नाहीतर एखादा आधीच तयार झालेला पैलवान ऐन ऑगस्टमध्ये एमए पार्ट वनला दाखल, वर्गात कोणी त्याला बघितलेलं नाही पण डिसेंबरमध्ये मेडल आपल्या कॉलेजच्या नावावर. नियमात बसतं, सगळी कॉलेजं थोडंफार करतात, आणि मला त्यात फार काही पाप वाटत नाही, त्या पोरालाही फी माफी आणि राहायची सोय मिळते. फक्त मोजताना दोन रकाने करा. एकात आधीच तयार होऊन आलेले, दुसऱ्यात इथे येऊन तयार झालेले. दुसऱ्या रकान्यातलं एकच नाव, म्हणजे एफवायला आला तेव्हा भाला कुठे धरायचा हे माहीत नव्हतं आणि टीवायला विद्यापीठाच्या टीमचं ब्लेझर अंगावर, हे पहिल्या रकान्यातल्या दहा नावांपेक्षा जास्त धरावं असं माझं मत आहे. अकरावी-बारावीच्या पोरांचं इथेच बघून घ्या, त्यांच्या १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या असतात, विद्यापीठाचा संबंध नसतो, त्यामुळे काही सर त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत आणि काही सरांची अख्खी सिनियर टीम त्यातूनच उभी राहते.

मुलींचं वर गोळ्यावरून थोडं आलंच, पण तेवढ्यावर सोडू नका. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, दिंडोरी भागातनं येणाऱ्या मुली पायाने जबरदस्त असतात, घाटात वाढलेल्या, आणि त्यांचा खेळ सुटतो तो एसटीच्या वेळेमुळे. प्रॅक्टिस पाचला सुरू होत असेल आणि शेवटची गाडी साडेपाचची, तर सिलेक्शन नोटीस कितीही मोठ्या अक्षरात लावा. ज्या सरांनी मुलींची प्रॅक्टिस सकाळी किंवा लेक्चर सुटल्या सुटल्या लावली, कपडे बदलायला कडी लागणारी खोली मिळवली, बाहेरगावच्या स्पर्धेला एखाद्या मॅडमना सोबत पाठवायचं बजेट भांडून घेतलं, त्यांनी काम केलंय. मुलींच्या टीमचा फोटो दर वर्षी आहे का, आणि त्यात दर वर्षी नवे चेहरे आहेत का, एवढं अल्बममधून पाच मिनिटात निघतं.

कागदपत्रं कंटाळवाणी वाटतात पण पोरांची करिअर त्याच्यातच अडकतात. एलिजिबिलिटी फॉर्मची, म्हणजे खेळाडू स्पर्धेला पात्र आहे हे दाखवणाऱ्या फॉर्मची, तारीख हुकली की वर्ष गेलं. सेमिस्टरची परीक्षा आणि स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या की कोणीतरी परीक्षा विभागात जाऊन उभं राहावं लागतं, प्रॅक्टिकलच्या एक्स्टर्नलना विनंती करावी लागते, एचओडींचे टोमणे ऐकावे लागतात, आणि हे सर करतात का नाही हे सायन्सच्या खेळाडूला विचारा, आर्ट्सच्या नाही, कारण प्रॅक्टिकल सायन्सवाल्याचंच बुडतं. टीए-डीए, म्हणजे प्रवासाचा आणि जेवणाखाण्याचा भत्ता, खेळाडूच्या हातात कधी पडला, प्रवासाच्या आधी का पुढच्या मार्चमध्ये. ट्रॅकसूट किती जणांना मिळाला. प्रत्येक ॲडमिशनला जिमखाना फी घेतात, तिचा हिशोब संस्थेकडे असतो, सरांकडे नाही, पण सरांनी दर वर्षी मागणी लेखी केली होती का हे आवक-जावक रजिस्टरमध्ये सापडतं. मागितलंच नाही आणि मागून मिळालं नाही, यात फार फरक आहे.

नाशिकचं म्हणून एक वेगळं माप सांगतो जे कुठल्याच फाईलमध्ये नसतं. भरती. त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, जिल्ह्यातल्या अर्ध्या पोरांच्या डोक्यात वर्दी. पोलीस भरतीचं ग्राउंड ५० मार्कांचं, पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळा. पहाटे कॉलेजच्या मैदानावर जी पोरं पळतात ती कुठल्याच टीममध्ये नसतात, कॉलेजला त्यांच्यापासून एकही मेडल नाही, काही तर पास आऊट झालेली. काही सर त्यांना गेटवरूनच हाकलतात, नियम म्हणून. काही सर गेट उघडं ठेवायला सांगतात, स्टॉपवॉच घेऊन उभे राहतात, गोळा सुटताना खांदा आधीच उघडतोय हे सांगतात आणि त्या एका सांगण्याने दोन मार्क वाढतात, आणि तिथे दोन मार्कांत काय काय होतं हे भरतीवाल्याला विचारा. जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांत 'सर, मी तुमच्या मैदानावरचा' म्हणणारे शिपाई किती निघतात, हे मी मेडलच्या बरोबरीने धरतो, कोणी काही म्हणो. खेळ आणि भरती वेगळी असं म्हणणारे शुद्धतावादी आहेत, त्यांना म्हणावं शनिवारी पहाटे साडेपाचला मैदानावर या.

विचारायचं कोणाला? स्टार खेळाडूला सगळ्यात शेवटी, तो चांगलंच बोलणार. आधी बदली खेळाडू गाठा, जो तीन वर्षं बेंचवर बसला, त्याला सर नावाने हाक मारायचे का हे विचारा. मैदानावरच्या मामांना चहा पाजा. दुसऱ्या कॉलेजच्या पीडींना नक्की विचारा, कारण विद्यापीठाच्या टीमच्या ट्रायलला सर सिलेक्टर म्हणून बसतात आणि तिथे स्वतःच्या कॉलेजचं पोर ढकलायचे का दुसऱ्याचं चांगलं पोर दिसलं तर त्याच्यासाठीही बोलायचे, हे फक्त शेजारच्या खुर्चीवरच्यालाच माहीत असतं. आणि ज्यांनी मधेच खेळ सोडला ती पोरं-पोरी, त्यांचे नंबर शोधायला वेळ लागतो पण शोधा. सोडलं का? दुखापत, घरची कामं, का मैदानावर काही झालं? शिव्या-मारणं याला आपल्याकडे शिस्त म्हणून खपवतात, आणि मुलींच्या बाबतीत काही तक्रार असेल तर ती सत्काराच्या महिन्यात कोणी बोलणार नाही. असं काही कानावर आलं तर ग्रुपवर चघळू नका, कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्याकडे जायला त्या व्यक्तीला साथ द्या, आणि तोवर नाव देण्याबिण्याचा विषय थांबवा. मेडलं कितीही असोत.

काही गोष्टी सरांच्या खात्यावर टाकायच्या नाहीत. २०२० आणि २०२१ची कोरोनाची वर्षं काढून टाका, मैदानं बंद, स्पर्धाच नाहीत. संस्थेने मैदानाच्या कडेला नवी बिल्डिंग बांधली आणि २०० मीटरचा ट्रॅक वाकडा झाला, तो निर्णय सरांचा नव्हता. त्यांनी विरोध केला का, एवढंच विचारता येतं, आणि नोकरी सांभाळून माणूस किती विरोध करणार हेही आपल्याला माहीत आहे. मैदान लग्नाला, गरब्याला, सभेला भाड्याने जातं ते वरून ठरतं, दुसऱ्या दिवशी खिळे वेचायला पोरांबरोबर सर वाकले होते का ते बघा. नवीन शैक्षणिक धोरणात खेळ आणि फिटनेसलाही क्रेडिट आलंय, त्यामुळे शेवटच्या एक-दोन वर्षांत सरांचा अर्धा वेळ शेकडो पोरांच्या क्रेडिटची यादी भरण्यात गेला असेल आणि मेडल घटली असतील, ती घट त्यांच्या माथी मारू नका.

तुलना करायचीच तर सरांच्या आधीच्या माणसाची शेवटची तीन वर्षं आणि सरांची शेवटची तीन वर्षं शेजारी ठेवा, करिअरमधलं सगळ्यात भारी वर्ष धरू नका, ते प्रत्येकाकडे एखादं असतंच. आणि आकाराने तुमच्याएवढंच कॉलेज घ्या. केटीएचएमसारख्या अवाढव्य कॉलेजशी तालुक्याच्या कॉलेजची तुलना म्हणजे उगाच भांडण.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठी थांबावं लागतं. सर गेले की ती जागा लगेच भरली जाईल याची काही खात्री नसते, वर्षानुवर्षं रिकामी राहते, मग तासिका तत्त्वावर कोणीतरी येतं नाहीतर मराठीच्या सरांकडे जिमखान्याचा चार्ज जातो. तेव्हा बघायचं. जुलैमध्ये सिलेक्शनची नोटीस लागली का. लागली तर कोणी लावली, एखाद्या सिनियर खेळाडूने स्वतःहून प्रिन्सिपॉलची सही आणली का. झोनच्या मीटिंगला कोणी गेलं का. एलिजिबिलिटीचे फॉर्म कसे भरायचे हे ऑफिसमध्ये दुसऱ्या कोणाला येतं का, का सगळं सरांच्या डोक्यात आणि सरांच्याच पेनड्राइव्हमध्ये होतं. असे सर बघितलेत ज्यांच्यावाचून पान हलत नव्हतं, त्यांचं फार कौतुक व्हायचं, आणि ते गेल्यावर एका सिझनमध्ये सगळं बसलं. मला तरी ते कौतुकाचं वाटत नाही. ज्यांच्या जाण्याने पहिल्या वर्षी फारसा फरकच पडला नाही त्यांच्याबद्दल ग्रुपवर कमी मेसेज येतात, पण काम त्यांचं पक्कं. म्हणून जिमला नाव द्यायचा ठराव मे महिन्यात करू नका, पुढच्या वर्षीचा झोनचा सिझन होऊन जाऊ द्या, फेब्रुवारीत बसा.

लिहिताना मार्क देऊ नका, दहापैकी साडेसात वगैरे, त्याने काहीच कळत नाही. सरळ तीन-चार पानं लिहा, आले तेव्हा काय होतं, गेले तेव्हा काय होतं, मधे कोणामुळे काय झालं, आणि काय राहून गेलं. राहून गेलेलं लिहिलं तर सर रागावतील असं वाटतं, बहुतेक सर रागावत नाहीत, त्यांना ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. म्हणून शेवटी सरांनाच भेटा, हातात रजिस्टरच्या नोंदी घेऊन. काय करायचं होतं आणि जमलं नाही, कुठे संस्थेने अडवलं, कोणता पोरगा सोडून गेला त्याची अजून चुटपुट लागते, हे विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. फक्त सत्काराच्या दिवशी नको, त्या दिवशी शाल, श्रीफळ आणि पन्नास जणांचे फोटो यातच संध्याकाळ जाते. नंतर पंधरा दिवसांनी घरी जा, सकाळी जा, दुपारी त्यांना झोपायची सवय आता कुठे लागत असेल.